भुजाबाच्या गुहेतली लाल गाडी

एका जंगलात, जिथं वाघसुद्धा पायी फिरायचा आणि त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही, भुजाबा नावाचं अस्वल राहायचं. त्याची बायको ठकूबाई. डोंगराच्या पोटात दोघांची एक गुहा होती. मुळात होतं बीळ. ठकूबाईनं नखांनी कोरून कोरून त्याची गुहा केली. भुजाबा तेव्हा मोह वेचायला गेला होता. काम निघालं की तो मोह वेचायला जायचाच.

आता विचाराल, अस्वलाला गाडी कुठून मिळाली. सांगते. शहरातला एक साहेब जंगलात आला. लाल, बुटकी, आजोबांच्या काळातली शर्यतीची गाडी. बसायला जागा दोघांना आणि मान वर करायला एकालाही नाही. वळणावर साहेबाला भुजाबा दिसला. साहेब उतरून पळाला. गाडी तशीच घुरघुरत राहिली. भुजाबा आत शिरला आणि गाडी हाकत घरी आला.

नीट ऐका हं. हाकत आला. म्हणजे गाडी चालत होती. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता. ठकूबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. दुसऱ्या दिवशी दोघं पाणवठ्यापर्यंत जाऊन आली. ठकूबाईला गाडीत बसायचं सुख मिळालं ते तेवढंच.

तिसऱ्या दिवशी नागोजीराव आला. जातीनं तरस, आणि 'जुनी वाहने जतन मंडळा'चा अध्यक्ष. मंडळात दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे बिनविरोध निवडून आलेला. त्यानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, बोनेट उघडलं, नाक खुपसलं आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला.

"भुजाबा, हा बोल्ट मागाहून घातलेला आहे. असल नव्हे."

"पण गाडी चालते की," ठकूबाई म्हणाली.

"वहिनी, चालतं तर गाढवही. प्रश्न असलपणाचा आहे."

भुजाबाच्या घशाखाली मध उतरेना. तो एक बोल्ट काढायला म्हणून त्यानं बोनेट काढलं. बोनेट काढलं म्हणून दारं काढली. पंधरा दिवसांत गाडी गुहाभर पसरली. चुलीपाशी गिअर, माठावर चाकाची थाळी, ठकूबाईच्या अंथरुणात स्प्रिंगा. ठकूबाई निजायची दाराशी, पावसाच्या तोंडावर.

मग सल्ले द्यायला जंगल लोटलं. कोल्हा म्हणाला, पत्रा घासा. रानडुक्कर म्हणालं, घासलात तर मेलात. भुजाबानं दोघांचाही मान राखला. अर्धा पत्रा घासला. झाडावरून कधी खाली न उतरलेलं माकड त्याला क्लच समजावून सांगायचं. सगळ्यांचा चहा ठकूबाई करायची, गिअर बाजूला सारून. सारलेला गिअर भुजाबा पुन्हा होता तिथं ठेवायचा, कारण त्याची म्हणे एक जागा ठरलेली होती.

दसऱ्याला गाडीची पूजा. गाडी दगडांवर, चाकं माळ्यावर. झेंडूचा हार स्टिअरिंगला घातला. लिंबू चाकाखाली चिरडायचं, तर चाकच नाही. मग नागोजीरावानं ते दगडानं ठेचलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. असे तीन दसरे झाले. तीनही वेळा लिंबू दगडानंच ठेचलं.

शेजारीण मथू साळिंदर एकदा म्हणाली, "ठके, अगं तुझा दादला करतो तरी काय आत?"

"गाडी उघडतो."

"आणि लावतो कधी?"

"लावायला ती आधी पूर्ण उघडून व्हायला हवी म्हणतात."

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. फक्त ते हौस करणाऱ्याला द्यावं लागत नाही.

ठकूबाईनं काय दिलं तेही ऐका. मागल्या पौषात तिला दोन पिल्लं झाली. अस्वलीण विते ती गुहेत, कारण पिल्लं उघडी, आंधळी, मुठीएवढी असतात. गुहेत त्या वेळी इंजिन होतं. ठकूबाई जांभळीखाली व्याली. थंडीनं दोन्ही गेली.

भुजाबाही हळहळला. "थंडीच तशी होती," तो म्हणाला. "माझा रंगाखालचा प्रायमरसुद्धा वाळला नाही."



वर्ष फिरलं. ठकूबाईला पुन्हा दिवस गेले. तिनं मार्गशीर्षातच सांगितलं, "अहो, पौष लागायच्या आत मला गुहा मोकळी हवी. एवढं एकच मागते."

"झालंच आता," भुजाबा म्हणाला. "राखदाणीचं झाकण तेवढं मिळायचंय. असल."

"गाडीत बसून विडी कोण ओढणार आहे?"

"ओढायचा प्रश्नच नाही, ठकू. झाकणाचा आहे."

झाकणापायी तो तीन डोंगर पालथे घालून आला. बायकोसाठी बाळंतविडा आणायला तो नदीपलीकडे गेला नव्हता. पण झाकण आणलं, हे खरं. मग गाडी जोडली. लाल रंग असा चकाकला की मोर त्यात स्वतःला बघून गेला. जोडून झाल्यावर घमेलंभर नटबोल्ट उरले. ते भुजाबानं बाहेर नेऊन पुरले. किल्ली फिरवली. गाडीनं साधी शिंकही दिली नाही.

नागोजीराव तपासणीला आला. बरोबर पानावर लिहिलेलं प्रमाणपत्र.

"अव्वल," तो म्हणाला. "शंभर टक्के असल."

"पण ती सुरू होत नाही," ठकूबाई म्हणाली. पोट सावरत ती दाराशी उभी होती. पौष लागून दोन दिवस झाले होते.

"उत्तमच की, वहिनी. झीज नाही. आता हिला हलवायची नाही. गुहेतली हवा कोरडी आहे. बाहेर काढलीत तर गंज चढेल, आणि प्रमाणपत्र रद्द."

"मग मी कुठं जाऊ?"

नागोजीरावानं भुजाबाकडे बघितलं. भुजाबा फडक्यानं आरसा पुसत होता.

"जंगल एवढं मोठं आहे," नागोजीराव म्हणाला.

"आहे खरं," ठकूबाई म्हणाली आणि निघाली.

तीन दिवस गुहेत प्रमाणपत्राची जेवणं चालली. नागोजीराव पोटाला तडस लागेपर्यंत जेवला आणि चौथ्या दिवशी घरी परतला. दाराशी थबकला. आत ठकूबाई होती. तिच्या पोटाशी मुठीएवढे दोन काळे जीव.

"वहिनी, ही माझी गुहा आहे."

"ठाऊक आहे. छान आहे. कोरडी, ऐसपैस. तुम्ही कायम लोकांकडे जेवायला, म्हणून वापर झालेला दिसत नाही."

"मी कुठं राहू?"

"आमच्याकडे दोन सीटा आहेत."

"सीटेवर बसायचं नाही, असं मीच प्रमाणपत्रात लिहून दिलंय."

"मग खोडा."

"अध्यक्षाला खोडता येत नसतं," नागोजीराव म्हणाला आणि एक पाऊल आत टाकलं.

ठकूबाई उठली. नुसती उठली. तरसाला हाडं फोडता येतात, हे खरं. पण दुसऱ्याची, आणि तीही मेलेल्याची. नागोजीरावानं पाऊल मागं घेतलं.

पाचव्या दिवशी भुजाबा आला. ठकूबाईनं पिल्लं जरा उजेडात सरकवली.

भुजाबा वाकला. त्यानं पिल्लांच्या मागं बघितलं, कोपऱ्यात बघितलं, मग तिला विचारलं, "ठकू, तो बारीक पाना तू तर नाही ना आणलास?"

"नाही," ठकूबाई म्हणाली, आणि पिल्लं पुन्हा पोटाखाली घेतली.

तेव्हापासून भुजाबा आणि नागोजीराव भुजाबाच्या गुहेबाहेर दवात झोपतात. आतल्या कोरड्या हवेत गाडी झोपते. दोघंही सुखी आहेत असं सांगतात, शिंका थांबल्या की.

तात्पर्य : सोयरीक जुळवताना मुलीनं नवऱ्याचं घर बघू नये. ते तो हौसेनं भरून टाकतो. त्याला हौस लावणाऱ्या मित्राचं घर बघून ठेवावं.