पंधरा खड्यांचं घड्याळ

कोनाड्यात पालथं ठेवलेलं घड्याळ दिवसाला अकरा सेकंद पुढे जात होतं. उताणं ठेवलं की चारच. बिंदुमाधवरावांनी वहीत तशी नोंद केली.

चामराजपेट भागातल्या त्या घरात तीन मनगटी घड्याळं परीक्षेला बसली होती. आत माणकाचे एकवीस खडे असलेलं कोनाड्यात, सतरा खड्यांचं कपाटावर आणि पंधरा खड्यांचं, सगळ्यांत स्वस्त, स्वयंपाकघरात खिळ्याला. बिंदुमाधवराव घड्याळांच्या कारखान्यात तपासनीस होते. खडे जास्त तशी आतली झीज कमी, हे त्यांना ठाऊक होतं. पण जावयाला द्यायचं घड्याळ ते स्वतः पारखणार होते.

जावई मात्र ठरला नव्हता. पुढच्या गल्लीतल्या दामोदरचं स्थळ चार महिन्यांपूर्वी सांगून आलं होतं. त्यांच्या लेकीनं, पद्मावतीनं, आईजवळ केव्हाच होकार दिला होता. बिंदुमाधवराव म्हणत, आधी घड्याळ ठरू दे. शेवटी दामोदरच्या आईनं निरोप धाडला: येत्या रविवारपर्यंत कळवा, दुसरीकडची मंडळी थांबली आहेत.

इकडे पंधरा खड्यांच्या घड्याळानं घोळ घातला होता. रोज सकाळी आठला रेडिओच्या ठोक्यांशी ताडून पाहिलं, तर फरक अर्ध्या मिनिटाच्या आत. रविवारी तेवढं दोन मिनिटं मागे. कारखान्यातल्या यंत्रावर लावलं, तर ते रोजच दोन मिनिटं मागे पडत होतं. बिंदुमाधवरावांनी विचार केला. रविवारी घरात पुऱ्या होत, चुलीच्या धगीनं घड्याळ मंदावत असेल. त्यांनी पुऱ्या बंद केल्या. पुढच्या रविवारी चुलीपाशी थर्मामीटर टांगून सगळ्यांना दहीभात खायला लावला. घड्याळ दोन मिनिटं मागेच.

मुदतीचा रविवार उजाडला. आठचे ठोके पडले, बिंदुमाधवराव भिंग घेऊन खिळ्यापाशी उभे राहिले. आज चूलही पेटली नव्हती. पुन्हा दोन मिनिटं.

त्यांच्या पत्नीला, कस्तुराबाईंना, राहवलं नाही. "अहो, आज मागे असणारच ते. कालपासून लावलेलं नाही मी."

"म्हणजे तू रोज लावतेस?"

"मागे पडलेलं घड्याळ घरात कसं ठेवायचं? स्वल्प पुढे करते, झालं."

"कशावरून?"

"दामोदर सायकलवरून खिडकीखालून जातो ना, साडेसातला, कंपनीची बस गाठायला. त्यावरून."

पद्मावती रात्रीच्या भातात दही कालवता कालवता म्हणाली, "रविवारी त्याला सुट्टी असते, अण्णा."

बिंदुमाधवरावांनी वही पहिल्या पानापासून चाळली. रविवार वगळून अठरा दिवस, तीन मुसळधार पावसाचे, एक शहरातल्या संपाचा. सर्वांत मोठा फरक सव्वीस सेकंद. समासात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'अपेक्षेपेक्षा पुष्कळ वरची प्रत'.

त्यांनी भिंग डबीत ठेवलं, पेनाला टोपण लावलं.

"मग द्यायचं कुठलं?" कस्तुराबाईंनी विचारलं. "एकवीस खड्यांचं?"

"ते मागाहून बघू," बिंदुमाधवराव म्हणाले. "आधी दामोदरच्या आईला जाऊन सांग, आमचा होकार आहे."