शिलेदार ग्लेब ओझेगोव यांच्या स्नानाची हकीकत

संत निकोलाय, जे बुडत्यास काठ दाखवितात आणि भिजल्यास ऊब देतात, त्यांचे स्मरण करून ताम्बोव सुभ्याच्या मुलखी फौजेकडील कारकून तेरेंती याने लिहिलेली हकीकत ऐसी जे: फ्रेंचांचा बादशहा मॉस्को शहरात शिरला त्या साली आमचे फौजेत शिलेदार ग्लेब ओझेगोव म्हणोन होते, त्यांनी कसबे व्याझोवोचे मुक्कामी स्नान केले किंवा न केले, याविषयी सुभ्यातील थोर घराण्यांत अद्यापि दोन तट आहेत, आणि मेजवानीत हा विषय निघाला म्हणजे ताटातले कढण थंड होते आणि मग ठरलेल्या सोयरिकी मोडतात. सबब खरे काय ते लिहून ठेवावे, ऐसा विचार केला. फौजेचे कर्नलसाहेब देवाघरी गेले, ओझेगोवांच्या मातुश्रीही गेल्या. आता कोणाची अब्रू जाण्याजोगी उरली नाही.

मौजे ओझेगोवो येथे ओझेगोवांची पिढीजाद जहागीर. तेथील धनीण मातुश्री कापितोलिना साव्विश्ना, बहुत करारी, हातात काठी, आणि काठीचा उपयोग चालण्याकडे कमी. त्यांचा एकुलता पुत्र द्मित्री, लाडाने मित्या, प्रशियाच्या मुलखी गोळी लागोन पडला, त्यास पाच वर्षे जाहली होती. मागे राहिली ती सून, ग्लाफिरा अर्काद्येव्ना, सरदाराची लेक, माहेरी लांडग्यांच्या शिकारीस जाणारी, घोड्यावर बसली तर घोड्यास तिचे ऐकावे लागे ऐसी. तीस काळी वस्त्रे नेसवून सासूबाईंनी खिडकीपाशी बसविले आणि हाती भरतकाम दिले, आणि मग दोघीजणी समोरासमोर बसोन चहा पीत, मध्ये मित्याची खुर्ची रिकामी, आणि बोलणे इतकेच की खिडकी लाव, वारा येतो.

पुढे मॉस्को पडल्याची खबर आली आणि सुभ्यात द्वाही फिरली की, हरएक थोर घराण्याने फौजेस एक पुरुष आणि एक घोडा द्यावा. ओझेगोवांकडे पुरुष नव्हता, सबब मातुश्रींनी लोकरी मोजे आणि कोबीचे लोणचे देऊ केले.  सूनबाई दुसरे दिवशी सकाळी अळंबी वेचण्यास जाते म्हणोन टोपली घेऊन बाहेर पडल्या, आणि टोपली तेवढी कुंपणास टांगलेली सापडली. मातुश्रींनी घराची झडती घेतली तो जिनसा कमी भरल्या त्या ऐशा: मित्याचा लष्करी कोट, तबेल्यातला करडा घोडा, आणि सून. मातुश्री समजल्या काय ते समजल्या, आणि शेजारीपाजारी सांगितले की सून मठात गेली आहे.

इकडे सूनबाईंनी मेंढ्यांच्या कातरीने केस उतरविले, ग्लेब ऐसे नाव धारण केले, मयत द्मित्री ओझेगोव यांचे चुलतबंधू म्हणोन सांगितले, आणि व्याझोवोचे छावणीत रुजू जाहल्या. येथून पुढे त्यांस शिलेदार म्हणावे, हेच उचित. शिलेदारांची तलवार बरी, बैठक उत्तम, आवाज थोडका घोगरा करीत, तो सर्दीवर खपून जाई. पंधरवड्यात त्यांचे हाताखाली एक टोळी देण्यात आली, आणि ती टोळी त्यांच्या शब्दावर नदीत घोडे घालू लागली. सर्व यथास्थित होते. परंतु शनिवार होता.

फौजेचे सरदार कर्नल एवग्राफ निकानोरोविच त्रुबाचेव, मिशा भरघोस, शूर, कोणास न भिणारे. एक उवा मात्र त्यांस भिववीत. मागील लढाईत त्यांची अर्धी पलटण शत्रूने नव्हे, उवांच्या तापाने नेली होती आणि कर्नलसाहेबांनी त्या पोरांस स्वहस्ते माती दिली होती. सबब त्यांचा हुकूम ऐसा की, दर शनिवारी हरएक इसमाने नदीकाठच्या हमामखान्यात जाऊन, तापल्या दगडांवर पाणी टाकून, वाफ घेऊन, बर्च झाडाच्या डहाळ्यांनी अंग झोडपून घ्यावे; आणि जो न्हाला नाही, तो मोहिमेस येणार नाही, घरी परत जाईल. मग शनिवारी सारी फौज जन्मतेवेळच्या वेषात हमामात शिरे आणि बीटासारखी लाल होऊन बाहेर पडे.

शिलेदारांनी पहिले शनिवारी चौकीचा पहारा मागून घेतला. दुसरे शनिवारी दाढ धरली. तिसरे शनिवारी पहाराही मिळेना आणि दाढही पटेना, आणि हवालदार येरेमेइच, जुने खोड, बोलूनच दाखविता जाहला.

"छोटे मालक, राग नका मानू, पण काल तुमच्या घोड्यानं तुमच्याकडं बघून तोंड फिरवलं."

"त्याची मान अवघडलीय, येरेमेइच."

"मान न्हाई मालक. नाक अवघडलंय."

तेव्हां शिलेदारांनी मोठी मसलत केली, आणि भर कवायतीत कर्नलसाहेबांसमोर गुडघे टेकून जाहीर केले की, जोवर फ्रेंच मॉस्कोत आहेत तोवर अंगास ऊन पाणी लावणार नाही, ऐसा आपण संत निकोलाय यांस नवस बोललो आहो. हे ऐकून कर्नलसाहेबांचे नेत्र भरून आले, आणि त्यांनी शिलेदारांस जवळ घेऊन दोन्ही गालांचे चुंबन घेतले, आणि मग थोडे मागे सरले. त्याच दुपारी फौजेतील कित्येक आळशी लोक तोच नवस घेऊन आले, त्यावर हुकूम निघाला की, एका पलटणीस एक नवस पुरे.

याप्रमाणे दिवस सुखाचे चालले असता एके सकाळी जासूद घोडा फेसाळवीत आला आणि ओरडला की, फ्रेंच मॉस्को सोडून निघाले! मग घंटा वाजल्या, टोप्या आभाळात गेल्या, म्हातारे शिपाई लहान मुलांसारखे रडले, अवघ्या रशियाच्या मुलखात त्या दिवशी आनंद मावेना. आणि एकटे शिलेदार ग्लेब ओझेगोव होते तेथेच मटकन बसले.

"बघा, बघा!" येरेमेइच म्हणाला, "आनंदानं पाय गेले पोराचे!"

कर्नलसाहेबांचा हुकूम तत्काळ निघाला: उदईक प्रातःकाळी फौजेने कालुगाच्या रस्त्यास लागून शत्रूचा पाठलाग करावा, आणि आज, शिलेदारांचा नवस फळास आला सबब, त्यांस सर्व पलटणीसमक्ष, नगारा वाजवून, सन्मानाने हमामात पोचवावे. मग दुतर्फा फौज उभी राहिली आणि हमामाच्या धुराड्यातून धूर निघू लागला. शिलेदारांनी अर्ज केला की, पाठलाग झाल्यावर न्हाईन. नामंजूर. अर्ज केला की, एकटाच न्हाईन, दार लावून. कर्नलसाहेब म्हणाले की, उवा एकांतातच माजतात, सबब सोबत हवालदार जाईल आणि पाठ घाशील. मग शिलेदार हमामाच्या दाराच्या चौकटीस दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, आणि येरेमेइच आणि चौघे दांडगे गडी त्यांच्या कोटास झोंबले. शिलेदारांनी पुढे सांगितले की, तोफेसमोर कधी भय वाटले नाही, ते त्या चौकटीत वाटले. कारण तोफेने मेले तर ग्लेब म्हणोन मरते.

ऐशा आणीबाणीच्या समयी, मोजे आणि लोणच्याच्या गाड्या पुढे घालून, मातुश्री कापितोलिना साव्विश्नांची बग्गी छावणीत शिरली. त्यांचा मनसुबा पक्का होता की, सुनेस कान धरून बग्गीत घालावे आणि घरी न्यावे. वाटभर त्या तेच शब्द घोळवीत आल्या होत्या. त्या उतरल्या, काठी टेकीत दुतर्फा फौजेमधून चालत आल्या, आणि त्याच क्षणी येरेमेइचच्या हिसक्याने कोटाची बाही खांद्यापाशी टरकन उसवली.

मग काठी येरेमेइचच्या मनगटावर बसली.

"सोड! सोड म्हणते ना मेल्या तो कोट!"

"बाईसाहेब, अहो, ह्ये न्हात न्हाईत—"

"कोटाला हात लावलास तर बघ!"

कर्नलसाहेब पुढे जाहले आणि लवून विचारते जाहले, "बाईसाहेब, आपण कोण? आणि हा आपला कोण?"

येथे एक शब्द पुरेसा होता. तो मातुश्रींच्या ओठांपर्यंत आला होता, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितले. त्यांनी शिलेदारांकडे पाहिले. कातरलेले केस, काळवंडलेली मान, लोंबणारी बाही. शिलेदारांनी डोळे मिटून घेतले होते. नगारा थांबला होता.

"माझा मुलगा," मातुश्री म्हणाल्या.

आणि हे बोलल्यावर त्या क्षणभर स्वतःच चपापल्या, आणि मग त्यांस आवाज सापडला. "माझा मुलगा आहे. तुम्हाला दुसरंच नातं सांगितलं असेल, लाजला असेल, आईच्या जिवावर आला असं कोणी म्हणेल म्हणून. लहानपणापासून हा असाच. गरम पाणी दिसलं की पळालाच! माझ्याशिवाय कोणाच्या हातून न्हायलेला नाही, आणि तुम्ही पाच-पाच टोणगे लागलाय होय त्याच्या मागं?"

"पण बाईसाहेब, एवढा मोठा शिलेदार, आणि आईनं न्हाऊ घालायचं म्हणजे..."

"तुमची आई असती ना एवग्राफ निकानोरोविच, तर तुमच्या कानामागचं तिला दिसलं असतं."

कर्नलसाहेबांचा हात आपोआप कानामागे गेला. मग हुकूम निघाला की, हमामात आईचा अधिकार कर्नलाहून वरचा. सर्व फौजेने पाठ फिरवावी आणि नगारा वाजता ठेवावा.

दार लागले. बखर लिहिणारास भिंत आड येत नाही, सबब आतील मजकूर येणेप्रमाणे.

"काढ तो कोट. अगं बाई! आणि हे काय गुंडाळलंयस छातीला? माझा टेबलावरचा रुमाल! माझ्या लग्नातला!"

"दुसरं काही लांबीला पुरत नव्हतं, आई."

"केस कोणी कापले? उंदरांनी?"

"मीच. मेंढ्यांच्या कातरीनं."

"दिसतंयच. बस खाली. मान वाकव." आणि मातुश्रींनी साबण घेतला आणि काठी चालवावी तसा चालविला. "बग्गी उभी आहे बाहेर. न्हाऊन झालं की घरी."

"नाही, आई."

"मरशील तिकडं."

"मरेन कदाचित."

"तोही असंच म्हणाला होता. हसत हसत."

दगडांवर पाणी पडले आणि वाफ उठली. मग वाफेतून शिलेदार बोलले, आणि आवाज घोगरा नव्हता.

"घरी तरी मी कुठं जिवंत आहे? रोज त्याच्या खुर्चीसमोर बसवता मला. इथं मी 'उजवीकडे' म्हटलं की माणसं उजवीकडे वळतात, आई. तिथं मी काहीही म्हटलं तरी तुम्ही म्हणता, खिडकी लाव."

मातुश्रींचा हात थांबला.

"वारा येतो म्हणून म्हणते," त्या म्हणाल्या. आणि बादलीतले पाणी उगाच ढवळीत, "दुसरं काही सुचतच नाही गं मला. तुझ्याकडं पाहिलं की तोच आठवतो. वाटतं, काही बोलले तर रडशील. नाहीतर मीच रडेन."

यानंतर कोणाच्या तोंडावर आसवे होती आणि कोणाच्या तोंडावर वाफ, याचा निवाडा करणे कठीण, आणि करण्याचे कारणही नाही. इतके निश्चित की, मातुश्रींनी पुन्हा साबण चालविला आणि म्हणाल्या, "मान वर कर. कानामागं बटाटे पिकतील एवढी माती आहे." मग त्यांनी शिलेदारांस नखशिखांत घासले, डहाळ्यांनी झोडपले, दोन बादल्या गार पाणी ओतले, आणि पिशवीतून सुई काढून, वाफेत डोळे बारीक करीत, कोटाची बाही शिवली. शेवटी टेबलावरचा रुमाल उचलला, झटकला, आणि स्वहस्ते पुन्हा बांधू लागल्या.

"इतका आवळायचा नसतो. तलवार उचलल्यावर श्वास कुठून घेशील? गाठ अशी बगलेत घ्यायची. बघ. आता घे श्वास."

शिलेदारांनी श्वास घेतला.

दार उघडले आणि शिलेदार ग्लेब ओझेगोव बीटासारखे लाल होऊन बाहेर आले. कर्नलसाहेबांनी मान पाहिली, कान पाहिले, आणि समाधान पावले. मातुश्रींनी त्यांसही साबणाची एक वडी दिली. या मोहिमेत आपल्याकडील नुकसान: हवालदार येरेमेइच यांचे मनगट सुजले, आणि लोणच्याचे एक पिंप फौजेने त्याच बैठकीत फस्त केले. दुसरे दिवशी प्रातःकाळी, बर्फ भुरभुरू लागले असता, फौज कालुगाच्या रस्त्यास लागली, आणि मातुश्री रस्त्याकडेला उभ्या राहून ओरडल्या, "मोजे बदलत जा!" आणि कोणास म्हणाल्या हे न कळल्यामुळे अवघी पलटण होय म्हणाली.

शिलेदार पुढे कित्येक लढाया लढले, डाव्या हाताचे एक बोट गमावले, आणि फ्रेंचांचे राजधानीपर्यंत जाऊन सुखरूप परतले. हे येथेच सांगितले, कारण वाचणारास उगीच घोर लागू नये. परंतु मातुश्रींस त्या हिवाळ्यात हे कोणी सांगितलेले नव्हते.

मौजे ओझेगोवो येथे पुढील रविवारी देवळात प्रार्थना चालली असता, जिवंतांसाठी आशीर्वाद मागण्याची वेळ आली तेव्हां मातुश्री पुढे गेल्या आणि पाद्रीबाबा अफिनोगेन यांचे कानाशी म्हणाल्या, "ग्लेबचं नाव घ्या. शिपाई ग्लेब."

"ग्लेब कोण, बाईसाहेब?"

"माझा मुलगा."

पाद्रीबाबा गोंधळले. हळूच म्हणाले, "बाईसाहेब, आपला मुलगा द्मित्री. त्याचं नाव आपण दिवंगतांत घेतो. दर रविवारी."

"तो दिवंगतांत. हा जिवंतांत."

पाद्रीबाबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले आणि जिवंतांची यादी पुढे ओढली. पुटपुटले, "शिपाई ग्लेब याला प्रभू सुखरूप ठेवो."

"मोठ्यानं म्हणा," मातुश्री म्हणाल्या. "लांब आहे तो."

पाद्रीबाबांनी मोठ्याने म्हटले, इतके की देवळाबाहेर घोडे बिचकले. येणेप्रमाणे व्याझोवोच्या हमामखान्याची मोहीम फत्ते जाहली. लिहिले ते खरे असे.