फ्रँकलिनचं मोकळं कपाळ

खांडेनवमीच्या सकाळी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या मडिवाळप्पांनी बायकोला पुन्हा एकदा बजावलं, "निंगव्वा, टेबलाला हात लावू नगंस. पुण्याचा माणूस यायलाय."

"मी कशाला लावू? तुमच्या त्या परदेशी बाबाचं तोंड बघायला मला येळ कुठाय?"

परदेशी बाबा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. त्याचा चेहरा छापलेलं एक सेंटाचं, निळं, दीडशे वर्षांहून जुनं अमेरिकन टपाल तिकीट. कधी पत्राला न लागलेलं, कोपरे शाबूत, मागचा डिंकसुद्धा मूळचा. चादरीचं दुकान गुरूच्या, म्हणजे पोराच्या, गळ्यात टाकून मडिवाळप्पांनी असली तिकिटं जमवली आणि घरातलं एकुलतं लोखंडी कपाट भरून टाकलं. निंगव्वाच्या इरकली साड्या खाटेखाली पत्र्याच्या ट्रंकेत. यावरून रोज खडाजंगी. शेवटी पैज लागली. पुण्याचे परीक्षक आठल्ये यांनी फ्रँकलिनला राज्याच्या प्रदर्शनात घेतलं, तर कपाट तिकिटांचं. नाही घेतलं, तर साड्यांचं. मडिवाळप्पा निर्धास्त होते. तिकिटावर एक डाग दाखवा म्हणत गल्लीभर हिंडले होते.

तिकीट, चिमटा आणि भिंग टेबलावर मांडून ते अंघोळीला गेले.

इकडं निंगव्वाची पूजा जोरात होती. कात्री, कापड मोजायचा गज, तराजू, शिवणयंत्र, मिक्सर, कुणाला सोडलं नाही. गुरूची मोटारसायकल तर धुऊन दारात उभी होती, हारासकट. मग तिची नजर टेबलावर गेली. नवरा कितीही डोक्यात जाणारा असला, तरी सणाला त्याची हत्यारं बिनपूजेची ठेवणं तिच्या मनाला पटेना. चिमट्याला विभूती लावली, भिंगाला लावली. मग फ्रँकलिन दिसला.

"अगं बाई! एवढं ऐसपैस कपाळ आनि रिकामं?"

ओलं बोट कुंकवात बुडालं आणि अमेरिकेच्या कपाळाला टेकलं.

मडिवाळप्पा टॉवेलवर बाहेर आले आणि त्यांच्या गळ्यातून खडा अडकलेल्या जात्यासारखा आवाज निघाला. "हे काय केलंस?"

"पूजा. चिमट्याची केली, भिंगाची केली. त्यालाच सोडलं असतं तर वाईट दिसलं असतं की!"

मडिवाळप्पांनी कापसानं कुंकू टिपलं. ते कपाळावरून नाकावर आलं. नाक टिपलं, तर हनुवटीवर आलं. मग ओलं तिकीट वाळावं म्हणून त्यांनी पंखा पाचावर टाकला. इतकी अक्कल माणसाला एका दिवसात कुठून सुचते, देव जाणे. फ्रँकलिन उडाला, दारातून बाहेर गेला आणि मोटारसायकलच्या ओल्या सीटवर पालथा पडला, डिंकाची बाजू वर. तेवढ्यात गुरूनं किक मारली.

"अप्पा, पाहुण्याला स्टँडवरनं घेऊन येतो!"

"अरं थांब! फ्रँकलिन! फ्रँकलिनला उतरव!" मडिवाळप्पा टॉवेल धरून गल्लीच्या टोकापर्यंत पळाले.

शेजारची फुलाबाई ओट्यावरून म्हणाली, "कुणाचं पोरगं म्हनायचं हो ते?"

अर्ध्या तासानं गाडी आली. मागच्या सीटवरून आठल्ये उतरले. पांढरीशुभ्र पँट. पाठ वळवली, तर फ्रँकलिन पँटीला चिकटून मडिवाळप्पांकडं बघतोय.

आठल्ये पुढं, चिमटा घेऊन मडिवाळप्पा मागं, अशी वरात घरात शिरली.

"काय करताय हो मागे?" आठल्ये गर्रकन वळले.

"धूळ हाय साहेब. सोलापूरची धूळ."

हातोहात तिकीट टेबलावर आलं. आठल्ये भिंग घेऊन वाकले. बराच वेळ वाकलेलेच. मडिवाळप्पांना डोळ्यांपुढं इरकली साड्या दिसायला लागल्या.

"तुम्ही पत्रात न वापरलेलं लिहिलं होतंत," आठल्ये म्हणाले. "अहो, कोरी तिकिटं ढिगानं येतात माझ्याकडे. हा टपालाचा तांबडा हातशिक्का! डिंक गेलाय, कागद दबलाय. या तिकिटानं प्रवास केलाय!"

"व्हय की," निंगव्वा चहा ठेवत म्हणाली, "स्टँडपासनं."

"साहेब, तो शिक्का न्हाय..." मडिवाळप्पांनी तोंड उघडलं.

"मडिवाळप्पा, मला शिकवू नका. आयुष्य गेलंय यात. प्रदर्शनात हे तिकीट पहिल्या चौकटीत लागणार!"

मडिवाळप्पांनी साहेबांपुढं खुर्ची सरकवली. ज्याला एवढं कळतं, त्याला आपण खरं सांगून कशाला दुखवायचं? कपाट वाचलं होतं.

निंगव्वानं बशीत चहा ओतता ओतता नवऱ्याला कानडीत विचारलं. आठल्यांना वाटलं, साखर विचारतेय. ती विचारत होती, "कुंकवाचं सांगू, का कपाट सोडताय?"

मडिवाळप्पांनी पैज जिंकली होती. त्यांनी खाटेखालच्या ट्रंकेकडं बघितलं, आठल्यांच्या फुललेल्या चेहऱ्याकडं बघितलं आणि कमरेची किल्ली काढून गुपचूप बायकोच्या हातात ठेवली.

निघताना आठल्ये दारात थबकले. "असा तांबडा शिक्का आणखी कुठल्या तिकिटावर मिळेल का हो?"

मडिवाळप्पा "न्हाय न्हाय" म्हणेपर्यंत आतून कपाट उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ निंगव्वाचा.

"लई हायत की! सगळ्यांची कपाळं मोकळीच हायत. फुडच्या खांडेनवमीला या!"