गोरखभाऊचा फ्लेक्स आणि तेजस्विनीचा फ्लक्स

फ्लेक्स छापावा तर घोडेगावच्या गोरखभाऊनंच! हे गोरखभाऊचं स्वतःचं मत होतं, आणि ते त्यानं दुकानावरच छापून लावलं होतं. कुणाचा वाढदिवस असो, कुणाचं दहावं असो, नाहीतर कुणाला नुसतंच 'भावी' व्हायचं असो, माणसं त्याच्याच दुकानाची पायरी चढायची. पंचक्रोशीत कोण जन्मलं, कोण गेलं, हे नातेवाइकांच्या आधी त्याच्या मशीनला कळायचं!

म्हणूनच बारावी सायन्सला असलेल्या त्याच्या लेकीनं, तेजस्विनीनं, त्या दिवशी कॉलेजातून येऊन दप्तर आपटलं आणि जे सांगितलं, त्यावर त्याचा विश्वासच बसेना.

"बाबा, मी सायन्स सोडते. मला फ्लक्स कळत नाही!"

"काय कळत न्हाई?"

"फ्लक्स! सगळा धडा त्याच्यावर आहे. चाचणीत भोपळा मिळाला." आणि तिचे डोळे भरून आले.

गोरखभाऊ हबकला. हलवायाच्या पोरीनं जिलबी कशी दिसते ते विचारावं, तशातली गत!

"अगं, तुझ्या बापाचा उभा जन्म फ्लेक्समधी गेला आन् तुला फ्लेक्स कळंना?"

"बाबा, फ्लेक्स नाही, फ्लक्स!"

"त्येच त्ये! आमी 'व्हतं' म्हणतो, पुस्तकवाले 'होतं' म्हणत्यात. शुद्ध भाषेत लिवलं म्हणून वस्तू बदलती व्हय? थांब, तुझ्या सरांनाच फोन लावतो."

तेजस्विनी 'नको, नको' म्हणेपर्यंत फोन लागलासुद्धा. फिजिक्सचे राजरत्न सर कॉलेजात नवे होते. पालकाचा फोन आला, हेच त्यांना अप्रूप.

"सर, पोरगी फ्लक्समधी कच्ची हाय म्हणं?"

"हो ना. डोळ्यांसमोर चित्रच उभं राहत नाही तिच्या."

"चित्राचं माझ्याकडं लागलं! लई वर्सं हेच करतोय मी."

"तुम्ही? या विषयात?" सर चकित झाले. "मग तुम्हाला सांगायला नको. क्षेत्रफळ वाढलं की फ्लक्स वाढतो."

"वाढणारच की! तीन बाय चारला कमी, आठ बाय दहाला जास्त."

"आणि फील्ड?"

"फील्डवर मी सोता जातो, सर. दुसऱ्यावर इसवास न्हाई."

शास्त्रज्ञ माणूस विनोदही त्यातलेच करतो, असं वाटून सर खळखळून हसले. "पण खरं सांगू? मुलं चुकतात ती अँगलमध्ये."

"अँगल!" गोरखभाऊनं मांडीवर थाप मारली. "लाखातलं बोललात! अँगल चुकला का आख्खं कोसाळतं बघा!"

सरांच्या डोळ्यांपुढं होता कोन. गोरखभाऊच्या डोळ्यांपुढं फ्लेक्सच्या चौकटीचा लोखंडी अँगल. पण दोघांचं असं जमलं, की फोन ठेवताना सर म्हणाले, "असा जाणकार पालक शोधून सापडायचा नाही! शनिवारी येऊन मुलांना प्रात्यक्षिक दाखवाल का?"

"दाखवाल का? घेऊनच येतो!"

"बाबा, तुम्ही आलात तर मी सायन्सच काय, गाव सोडीन," तेजस्विनी म्हणाली.

"लाजतीय येडी," गोरखभाऊ बायकोला, मंगलला, म्हणाला.

शनिवारी शेजारच्या भरतच्या टेंपोत चौकटीसकट आठ बाय दहाचा फ्लेक्स चढला. तयार असा मोठा एकच होता. बेल्ह्याच्या बाजारातले गुरांचे व्यापारी रामदासशेठ यांच्या वाढदिवसाचा. काळा गॉगल, गळ्यात साखळी, बोट आभाळाकडं! तो संध्याकाळी बेल्ह्यात लागायचा होता. "पोरांना दावू आन् तसंच बेल्ह्याला जाऊ," गोरखभाऊ म्हणाला.

कॉलेज डिंभे धरणाच्या कडेला. पाण्यावरून येणारा वारा तिथं माणसाची टोपीच काय, केसही ठेवत नाही. वर्गाच्या दारातून चौकट आत जाईना, म्हणून सरांनी सगळी मुलं मैदानात आणली. गोरखभाऊनं आणि भरतनं दोन्ही बाजूंनी चौकट धरून उभी केली.

सर बराच वेळ रामदासशेठकडं बघत राहिले. "हे... कोण?"

"ह्यो नमुना, सर."

"आणि फ्लक्स?"

"ह्योच की!"

अख्खा वर्ग फुटला! एक पोरगं तर हसता हसता खालीच बसलं. तेजस्विनीनं ओढणीत तोंड लपवलं. सरांच्या डोक्यात उजेड पडला. "गोरखभाऊ, जरा घोटाळा झालाय. आपण ज्याला फ्लक्स म्हणतो—"

तेवढ्यात वारा आला.

फ्लेक्स असा फुगला, की रामदासशेठना नववा महिना लागल्यासारखा वाटला! चौकट निघाली मागं, आणि चौकटीबरोबर गोरखभाऊ आणि भरत! गोरखभाऊच्या चपलांनी मैदान नांगरायला घेतलं.

"सोडू नगं, भरत!"

"मी कुठं सोडतोय? त्योच मला सोडंना!"

तेजस्विनी लाजबिज विसरून धावली. "बाबा, वाऱ्यासमोर धरू नका! फिरवा! वाऱ्याकडं कड करा!"

दोघांनी धडपडत चौकट फिरवली. ओढ एकदम बंद.

"पडला वाटतं वारा," म्हणून भरतनं चौकट पुन्हा समोर केली. पुन्हा नांगरणी सुरू!

"फिरवा!"

फिरवली. गप्प.

तेजस्विनी जागच्या जागी थांबली. तिचे ओठ पुटपुटायला लागले. "सर! समोर धरलं की सगळा वारा सापडतो. तिरकं धरलं की थोडा. कड केली की काहीच नाही! हाच का तो कॉस थीटा?"

"हाच!" सर ओरडले. "फक्त तो अडायला नको, आरपार जायला—"

फाटकन फ्लेक्स बांधलेल्या दोऱ्या तुटल्या. रामदासशेठ उडाले!

गोरखभाऊ आणि भरत चौकट टाकून त्यांच्यामागं पळाले. सरांनी ती रिकामी चौकट उचलून तेजस्विनीच्या हातात दिली आणि मुलांना म्हणाले, "आता वाऱ्याच्या जागी लोहचुंबकाच्या रेषा आहेत असं धरा. या चौकटीतून जेवढ्या आरपार जातील, तेवढा फ्लक्स!" तेजस्विनी चौकट सरळ, तिरकी, आडवी फिरवत गेली आणि एकेकाला समजावून सांगत गेली. चौकट तिच्याहून मोठी होती, पण तिला तिचं वजनच लागेना.

गोरखभाऊला यातलं अक्षर ऐकू गेलं नाही. तो धरणाच्या काठाशी पोचला होता. तिथं पाणी पीत असलेल्या एका म्हशीवर फ्लेक्स अलगद बसला. म्हैस बिथरली आणि सरळ पाण्यात शिरली. आणि गॉगल घातलेले रामदासशेठ आभाळाकडं बोट दाखवत डिंभे धरणात पोहायला लागले!

नेमका त्यांचाच फोन आला.

"गोरख, फ्लेक्स लागला का रं?"

"लागला, शेठ."

"लोकं बघत्यात का?"

"लई बघत्यात! हसत्यात पन."

"कुठं लावलाय?"

गोरखभाऊनं पाण्याकडं पाहिलं. "म्हशीवर, शेठ."

पलीकडं शेठमधला व्यापारी जागा झाला. "म्हैस कशी हाय?"

"मुऱ्हा जातीची वाटती."

"मालकाला इचारून ठिव, इकायची का. आन् सांजच्याला दुसरा फ्लेक्स न्हाई आला, तर तुलाच टांगीन!"

दुसरा फ्लेक्स छापून, बेल्ह्यात बांधून गोरखभाऊ घरी आला, तेव्हा तेजस्विनी चुलीपाशी बसून आईला उलथन्यानं कॉस थीटा समजावत होती. सायन्स सोडायचं नाव नव्हतं. गोरखभाऊची छाती आठ बाय दहा झाली.

"बघितलंस, मंगल? मास्तरला जमलं न्हाई त्ये बापानं करून दावलं!"

मंगलनं लेकीचं पुस्तक त्याच्यापुढं धरलं. "पन आवो, ह्या धड्यात तर पानोपानी लोहचुंबक काढलंय."

गोरखभाऊनं पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं, वाकडं करून पाहिलं.

"लोहचुंबक? ते कशाला मधी आलं?"