पाटीला पसंत पडलेला हात

इचलकरंजीत संगणकावर चिनी अक्षरं लिहायची पाटी नुसती विकत घेता येत नाही. ती आधी घर बघायला येते आणि लिहिणारा हात पसंत पडला तरच राहते. दुकानदार पैसे आगाऊ घेतो, पण त्याचा पसंतीशी काही संबंध नसतो.

शैलजा मगदूमला ही रीत माहीत होती, म्हणून तिनं पोहे केले. यंत्रमागांबरोबर येणाऱ्या खोक्यांवरचं आणि पुस्तिकांमधलं वाचत वाचत ती चिनी भाषा नजरेनं शिकली होती. अक्षर दिसलं की अर्थ कळायचा, उच्चार मात्र येत नव्हता, आणि संगणकावर चिनी टंकायचं तर आधी उच्चार टंकावा लागतो. हातानं लिहायची पाटी तिला हवी होती ती त्यासाठी. मागांच्या एका चिनी कंपनीनं गावात कचेरी उघडली होती आणि कंपनीला लेखी कामासाठी दुभाष्या पाहिजे होता. अर्ज चिनीतून, संगणकावरूनच करायचा होता. सगळं सासर इतकी वर्षं तिला ‘आमची चिनी’ म्हणून हसत आलं होतं. ही नोकरी मिळाली तर ती तोंडं बंद होणार होती, आणि शैलजाला ती बंद झालेली बघायची होती.

रविवारी दुकानदार पारिसा चौगुले पाटीला मखमली फडक्यात गुंडाळून घेऊन आला. वडीलधारं माणूस म्हणून एक जुना कीबोर्ड सोबत होता. तो शेवटपर्यंत काही बोलला नाही. पाटीसमोर बशी ठेवली. पाटी खात नाही, पण बशी ठेवली नाही तर तिला अपमान वाटतो.

“संगणक स्वतंत्र आहे की एकत्र कुटुंबातला?” पाटीनं विचारलं. तिला नाक नव्हतं, तरी ती ते मुरडत होती.

“स्वतंत्र आहे,” शैलजा म्हणाली.

“घराण्यात सुंदर अक्षर कुणाचं?”

“कुणाचंच नाही.”

“हं. लिहून दाखवा.”

शैलजानं पदर खोचला, पेन घेतलं आणि ‘विणणे’ या अर्थाचं अक्षर काढलं. एकही रेघ चुकली नाही.

“अक्षर निर्दोष आहे,” पाटी म्हणाली. “पण हात फार शिकलेला वाटतो. शिकलेल्या हाताला वळण लावता येत नाही. कळवतो आम्ही.”

‘कळवतो’ म्हणजे काय, हे पाहण्याच्या कार्यक्रमातून गेलेल्या कुठल्याही बाईला समजतं. शैलजाचा चेहरा उतरला. तेवढ्यात तिचे यजमान बाहुबली मगदूम दुसऱ्यांदा पोहे घ्यायला वाकले आणि त्यांच्या चमच्यातून कोथिंबिरीचं एक पान पाटीवर पडलं. बाहुबली कापडाची दलाली करत आणि सहीखेरीज काही लिहीत नसत. त्यांनी ते पान अंगठ्यानं पुसून टाकलं.

“वा!” पाटी थरथरली. “ही रेघ कुणाची?”

“माझी,” बाहुबली म्हणाले. “का ओ, काय झालं?”

“हिला काहीच अर्थ नाही. असाच हात आम्ही शोधत होतो.”

“वहिनी, नशीब काढलंत!” चौगुले म्हणाला. “घरातल्या घरात जुळलं की!” पाटीपुढचे पोहेही त्यानंच संपवले.

पाटी राहिली. शैलजानं पेन उचललं की ती काळी ठिक्कर पडे, आणि बाहुबलींनी उचललं की उजळे. बाहुबलींना चिनी ओ की ठो येत नव्हतं. शेवटी शैलजानं त्यांना शर्ट काढून पाटीसमोर बसवलं आणि मागं बसून एकेक अक्षर बोटानं त्यांच्या पाठीवर काढलं. पाठीवर जे जाणवेल ते त्यांनी पाटीवर उतरवलं. अर्ज शनिवारी गेला. पाटीच्या नियमाप्रमाणे त्याखाली हाताच्या मालकाचं नाव आपोआप उमटलं.

“अहो, पण अर्ज माझा आहे,” शैलजा म्हणाली.

“तुझं माझं काय त्यात? घरातच राहिलं की नाव!”

बाहुबली आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले. गावातल्या एका मंडळानं चिनी भाषेचे जाणकार म्हणून त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. भाषणात ते म्हणाले, “अभ्यास असा काय केला नाही. मनगटातच हाय म्हणायचं. आमच्या घरच्यांचीही थोडी मदत होते, पाठ चोळून देतात.” सगळे हसले. सासूबाई सगळ्यात मोठ्यानं हसल्या. शैलजा पहिल्या रांगेत बसली होती. तिला इतका संताप आला की टाळ्या वाजवताना हात दुखले.

कंपनीनं मुलाखतीला बोलावलं ते बाहुबलींना. पाठ चोळणारी व्यक्ती सोबत आणण्याची मुभा होती. कचेरीतल्या मुख्य बाई, ल्यू मॅडम, यांना मराठी येत नव्हती. त्या भिंतीवरच्या पडद्यावर लिहीत आणि शैलजा ते वाचून सांगे. घरून आणलेली पाटीही त्याच पडद्याला जोडली होती.

“हे काम तुम्हाला का हवंय, असं विचारतात,” शैलजा म्हणाली.

“लिही काहीतरी झकास,” बाहुबलींनी शर्ट काढत सांगितलं.

शैलजा जरा वेळ त्यांच्या रुंद, निर्धास्त पाठीकडे बघत राहिली. मग तिनं बोट टेकवलं आणि सावकाश लिहिलं. बाहुबलींनी डोळे मिटून, मान डोलवत ते उतरवलं, आणि पडद्यावर उमटलं: मला चिनीतलं एकही अक्षर येत नाही. जिला येतं, ती माझ्या मागं बसली आहे.

“सुरेख!” पाटी म्हणाली. “एकेक रेघ काय निरर्थक आली आहे!”

ल्यू मॅडमनी पडद्यावरचं पुन्हा वाचलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी उत्तर लिहिलं.

“झालं काय?” बाहुबली म्हणाले. “घेतलं मला?”

“घेतलं,” शैलजा म्हणाली. “दुभाष्या म्हणून मला घेतलं. तुम्हाला साहित्य म्हणून.”

“साहित्य म्हणजे?”

“पाटी, पेन, वायर आणि तुम्ही.”

बाहुबलींनी पाटीकडे पाहिलं.

“योग्यच आहे,” पाटी म्हणाली. “हात पाटीच्या घरचा असतो. आता तो माघारी पाठवायचा नाही.”

सत्काराची शाल बाहुबलींनी सोबत आणली होती, ती अंगावर घेऊ लागले. पाठ झाकली जाते म्हणून शिपायानं ती काढून घेतली.

“रविवारची सुट्टी तरी असंल की?” त्यांनी हळूच विचारलं.

शैलजानं प्रश्न जसाच्या तसा त्यांच्या पाठीवर लिहिला आणि त्यांनी तो पाटीवर उतरवला. ल्यू मॅडमनी दोनच अक्षरं लिहिली.

“मला आहे,” शैलजा म्हणाली.

मग तिनं खुर्ची पुढं ओढली, मागांच्या पुस्तिकेचं पहिलं पान उघडलं आणि बोट त्यांच्या मानेखाली टेकवलं.

“ताठ बसा,” ती म्हणाली.