आईंचं हाड विरघळतंय!

"आकडे भरलेस की दुसऱ्या कुणाला तरी एकदा वाचून दाखव," आमच्या प्रयोगशाळेतले सर मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. मी मान डोलावली आणि सोडून दिलं. अहो, जी बाई बाळाची बाटली धुतल्यावर पुन्हा उकळते, तिला तपासायला शिकवायचं?

माझं काम असं: खुब्याचा सांधा बदलल्यावर भोवतीचं हाड पुढे कसं बदलेल, ते संगणकावर आधीच बघायचं. भार पडला की हाड भरतं. पण आत बसवलेला धातूचा दांडा सगळा भार स्वतःच उचलतो, मग हाड घरजावयासारखं बसून बसून झिजतं!

सासूबाईंचा खुबा गेल्या वर्षी बदललाय. म्हटलं, आईंचं हाड मीच बघणार! सकाळी त्यांचा स्कॅन घातला, वजन घातलं, पडद्यावरच्या शेजारच्या खिडकीत माझ्या छकुलीच्या डॉक्टरांना तिचं वजन कळवलं आणि कळ दाबली.

पडद्यावर हाड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं विरघळायला लागलं!

मी नवऱ्याला फोन लावला. "अरे, आईंचं हाड विरघळतंय!"

"आत्ता? ती तर बागेत बाकावर बसून शेजारणीशी भांडतेय."

"बसून? उठव त्यांना! चालव!"

"किती?"

"मी थांबा म्हणेपर्यंत!"

मागून आईंचा आवाज आला, "माझं हाड मला काही बोललं नाही, हिच्याशी बरं बोललं!"

मग सर्जनना फोन. "चालू द्या त्यांना, पण बेतानं. त्या पायाला दमवू नका हं," ते म्हणाले. फोन ठेवते तोच छकुलीच्या डॉक्टरांचा आला.

"मुलीचं वजन अडुसष्ट किलो लिहिलंय तुम्ही. तुम्ही तिला उचलता, की ती तुम्हाला?"

हाडाच्या खिडकीत बघितलं. रुग्ण: सासूबाई. वजन: साडेनऊ किलो! एवढ्याशा भारावर कुठलं हाड टिकेल? वजन सुधारून पुन्हा कळ दाबली. हाड ठणठणीत!

"आता वाचून दाखवतेस का?" मागे सर उभे.

मी बाहेर पळाले. नवऱ्याचा फोन बंद; आईंना चालायला लावून स्वारी मीटिंगला! आई बागेत फोन नेत नाहीत, भांडताना हातातून पडतो म्हणून. आणि हट्टी अशा, की सून थांबा म्हणेपर्यंत थांबायच्याच नाहीत, संध्याकाळी मला ऐकवायला!

मी टॅक्सीत आहे, सिग्नल सुटत नाहीये, म्हणून हे लिहितेय. तुमच्यापैकी कुणी त्या बागेवरून जात असेल, तर जरा बघा हो. राखाडी स्वेटर, डावा खुबा नवा, पाय आणि तोंड दोन्ही चालू. म्हणावं, बसा आता. फक्त मी पाठवलंय असं सांगू नका, नाहीतर मुद्दाम आणखी एक फेरी मारतील!