रंगनाथराव आणि चर्चची मागची भिंत

आमच्या मस्तगड मोहल्ल्यातले रंगनाथराव भिंतीचा वास घेतात. कुणाकडं गेले की आधी भिंतीला नाक लावणार, मंग चहाला हात. माझ्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला भरल्या पंगतीत म्हणाले, "आंबली ही. सिमेंटनं दम कोंडलाय तिचा." बायकोनं त्यांना दुसऱ्यांदा जिलेबी विचारली न्हाई, ते बरंच केलं.

हयात बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून गेली. मूळचे तीर्थपुरीचे, देवघरात खंडोबाचे टाक. पण रविवारी सकाळी हा माणूस सापडणार जुन्या दगडी चर्चच्या आवारात. आत प्रार्थना चालू, हे बाहेर दगड न्याहाळत. एकदा मलाही ओढून नेलं. छावणीतल्या गोऱ्या साहेबांसाठी बांधलेलं ते चर्च. टोकदार कमानी, घंटेचा ठेंगणा मनोरा, भिंतींना बाहेरून दगडी टेकू. मी आपलं सहज म्हणालो, "इंग्रजांचं काम पक्कं." झालं! "नकाशा साहेबाचा, छिन्नी आपल्या वडाराची. हे घाव बघा," म्हणत मला तासभर उन्हात उभा केला. डोकं उठलं माझं.

मागच्या महिन्यात चर्चच्या कमिटीनं सगळ्या भिंतींच्या दरजा, म्हंजी दगडांमधल्या फटी, सिमेंटनं भरायचं ठरवलं. परांची बांधली. पहिल्याच सकाळी रंगनाथराव शिडीच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले, मांडीवर पिशवी. "बिलकुल न्हाई. चढायचं तर माझ्यावर पाय देऊन चढा." गवंडी हसून राह्यले. चर्चमधून मला फोन आला, तुमच्या काकांना घेऊन जा. जणू माझेच सख्खे काका.

गेलो तर तरुण पाळकसाहेब वैतागून उभे. "रंगनाथराव, तुम्ही आमच्या मंडळीतले न्हाईत. कुठल्या हक्कानं अडवता?"

खरं सांगतो, मलाही तेच विचारायचं होतं.

"मागच्या भिंतीची ओल हटत न्हाई ना?" रंगनाथराव म्हणाले. "ती मी बिघडवली. नवा ओव्हरसियर होतो, लई शहाणा. तुमच्या आधीच्या म्हाताऱ्या पाळकांना म्हणलं, चुना काय करता, मी सिमेंट भरून देतो. त्यांनी माझ्या गळ्यात हार घातल्ता. दोन पावसाळ्यांत आतला गिलावा गळाया लागला. पाणी आत शिरलं, त्याला बाहेर यायला वाटच न्हाई ठिवली मी. पण त्यांनी मरेपर्यंत मला एक शब्द न्हाई सुनावला. दर नाताळाला घरी केक धाडायचे. तो गिळताना काय व्हायचं, माझं मला माहीत."

पिशवीतून त्यांनी गूळ, बेलफळं, हिरडे काढून पायरीवर मांडले. चुन्यात घालायला. "ती एक भिंत द्या मला. सिमेंट उकरून चुना भरतो. ओल राह्यली तर बाकीच्या भिंतींचं तुमच्या मर्जीनं करा. पण तवर त्यांना सिमेंट लावू देणार न्हाई."

पाळकसाहेबांनी पायरीवरचा एक हिरडा उचलून बघितला. मंग गवंड्यांना म्हणाले, "सिमेंट राहू द्या. काका सांगतील तसं करा."

रंगनाथराव शिडी धरून उठाया लागले. पाळकसाहेबांनी हात दिला. उभं राहिल्यावरही म्हाताऱ्यानं तो हात सोडला न्हाई. आम्हा सगळ्यांदेखत, भर उन्हात, तसाच धरून रडत राहिला.